बाळारामची पितळी बंदूक

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा बाळाराम स्वतःच्या हाताने माशाचा काटा काढून कधी जेवला नाही. खाडीकाठच्या गावात जन्मलेला माणूस. चांगुणा, माझी बहीण, त्याच्या ताटाशेजारी बसून बोईटाचे काटे काढी, मांस भाताच्या कडेला ठेवी, आणि तो रस्त्याकडे बघत जेवी. एखादा काटा राहिला तर ओरडत नसे. तो घास ताटाच्या कडेला ठेवी आणि गोड आवाजात म्हणे, "चांगू, तुजं लक्ष नाय आज." मग ताटावरून उठून जाई. माझा नवरा शिव्या द्यायचा. शिव्या देणाऱ्या माणसाला उलट शिवी देता येते. गोड बोलणाऱ्याला काय देणार?

आम्हा दोघी बहिणींना बोनकोड्यात एकाच आळीत दिलं. माझ्या पडवीतून तिचा ओटा दिसतो. त्यामुळे बाळाराम मला रोज बघावा लागला. मला तो पहिल्यापासून आवडला नाही आणि शेवटपर्यंत आवडला नाही, हे आधीच सांगते. पुढे वाचून कोणी म्हणायला नको की ही म्हातारी मनात काही धरून लिहिते. धरूनच लिहिते.

भातशेती होती तेव्हा तो बांधावर छत्री घेऊन उभा राहायचा. सरकारने जमिनी घेतल्या तेव्हा सगळ्यांत मोठ्याने तोच रडला. बदल्यात प्लॉट मिळाला, त्यावर बिल्डरने इमारत उभी केली, खालचे दोन गाळे बाळारामच्या वाट्याला आले. ते भाड्याने गेले आणि बाळारामच्या बिनकामाच्या जगण्याला बळ आलं. पांढरा शर्ट, पांढरी पँट, बोटात पिवळ्या खड्याची अंगठी. ओट्यावर प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारायचा. हाक मारून काही सांगायचं नसे. माणूस थांबला पाहिजे, एवढंच.

एक गोष्ट मान्य करते. त्याचा बाप शेवटी अंथरुणाला खिळला होता. त्याचं सगळं बाळारामने स्वतः केलं. गू-मूत काढलं, अंग पुसलं, पेज भरवली. चांगुणाला हात लावू दिला नाही. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे म्हणून लिहिते. पाहिलं नसतं तर विश्वास ठेवला नसता.

त्या बापाकडे ठासणीची बंदूक होती. शेतीच्या राखणीचं लायसन होतं; डोंगरातून डुकरं उतरायची आणि उभं भात लोळवून जायची. त्या बंदुकीत वरून दारू ओतायची, गजाने चिंध्या ठासायच्या, छर्रे घालायचे. एक बार उडाला की परत सगळं पहिल्यापासून. डुकरं त्यात किती मेली देव जाणे. पण गावात कोणाची हळद असली की म्हाताऱ्याला बोलावणं असे. हळद अंगाला लागली की बार काढायचा, म्हणजे शेजारच्या गावांना कळतं, आज अमक्याच्या दारी मांडव आहे. हळदीला तो छर्रे घालत नसे. नुसती दारू आणि चिंध्या. मोठा आवाज, भरपूर धूर, आणि जळक्या चिंध्या अंगणात पडायच्या. कोणाला कधी काही झालं नाही.

म्हातारा गेला. लायसन बाळारामच्या नावावर झालं. राखायला शेत नव्हतं, डुकरं नव्हती, पण लायसन होतं. बापाची बंदूक त्याने वर्षही ठेवली नाही.

त्याचं कारण व्हिडिओ. तेव्हा घरोघर भाड्याने कॅसेट आणायचे. बाळारामने कुठला तरी इंग्रजी पिक्चर आणला, घोड्यावर बसून गोळ्या मारणाऱ्या माणसांचा. भाषा कळत नव्हती तरी तो परत परत लावला. त्यातला माणूस चापाखालच्या कड्यात बोटं घालून ते खाली ओढी, वर घेई आणि गोळी मारी. परत ओढी, परत मारी. मध्ये भरणं नाही, ठासणं नाही. बाळारामच्या डोक्यात ते शिरलं ते शिरलंच. "येकदा भरली का चालू," तो प्रत्येकाला सांगे. कुठे चालू, कोणावर चालू, ते कोणी विचारलं नाही.

मग त्याला कोणी तरी सांगितलं की मुंबईत फोर्टात बंदुकांचं एक दुकान आहे, तिथे तशीच बंदूक आलेली आहे. चांगुणाने मला सोबत पाठवलं. तिला वाटलं, मी अडवीन.

दुकानदार म्हातारा होता, चष्मा नाकाच्या टोकावर, मराठी चांगलं बोलायचा. त्याने बंदूक काढून काचेवर ठेवली. आखूड नळी, अक्रोडी लाकडाचा दस्ता आणि मधली पेटी पितळेची, देवाच्या समईसारखी. मलाही दिसायला बरी वाटली, खोटं का बोलू. दुकानदाराने काही लपवलं नाही. म्हणाला की परदेशात राहून आलेल्या एका गृहस्थाची ही आहे, त्यांना आता नको. अमेरिकेत शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अशा बंदुका होत्या, इटलीतला कारखाना त्याची हुबेहूब नक्कल करतो. गोळ्या नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक बसतात. आणि हिची काडतुसं आपल्याकडे मिळत नाहीत. हिच्याबरोबर जी आहेत ती संपली की संपली.

"म्हंजे शंभर वर्षांची," बाळाराम म्हणाला.

"नाही हो. जुनी नाही, जुन्यासारखी आहे," दुकानदार म्हणाला.

"तेच. आपल्याला जुन्यासारखीच पायजे."

मी मध्ये बोलले. म्हटलं, काडतुसं मिळत नाहीत तर ही घेऊन करणार काय, वाटण वाटणार? दुकानदार हसला. बाळारामही हसला आणि गोड आवाजात मला म्हणाला, "बाय, तू दमलीस. भायेर बाकड्यावर बस जरा." मी बसले. आत त्याने बापाची बंदूक देऊन टाकली. म्हातारा जी खांद्यावर घेऊन खारातल्या शेतांत हिंडला, ती बंदूक दुकानदाराने कोपऱ्यात छत्र्या ठेवतात तशी उभी करून ठेवली. बाळारामने मागे वळून पाहिलं नाही.

घरी आल्यावर बंदुकीला कपडा हवा झाला. चांगुणाचा लग्नातला शालू त्याने ट्रंकेतून काढला, मधोमध फाडला आणि त्याची खोळ शिवून घेतली. चांगुणा मला सांगताना रडली नाही. म्हणाली, "तसा पन मी तो कधी नेसले?" कपाटाची किल्ली त्याने करदोड्याला बांधली.

त्यानंतर दुपारी आळीत झोप नाही. तो ओट्यावर बसून रिकाम्या बंदुकीचं कडं ओढायचा. खटॅक, खटॅक. बाळंतिणी होत्या, आजारी माणसं होती. कोणी सांगायला गेलं की तो आवाज चढवत नसे. खुर्ची पुढे सरकवून म्हणे, बसा, हात लावून बघा. माणूस हात लावून बघे आणि सांगायचं विसरून जाई. सगळ्यांना तो सांगे की ही इंग्रजांच्या वेळची, ओरिजनल. एकदा वाशीहून आलेल्या एका जावयाने नळीवरची अक्षरं वाचली आणि इटली म्हणाला. बाळाराम म्हणाला, "बरोबर. इंग्रज तिथूनच मागवायचे."

पुसायचं काम चांगुणाचं. पितळ काळवंडलं की ती चिंच लावून घासायची, देवाची भांडी घासतात तशी. काठीला चिंधी बांधून नळीत खोबरेल फिरवायची. दसऱ्याला बाळारामने बंदुकीची पूजा मांडली, हळद-कुंकू वाहिलं आणि वरून नारळ फोडला. पाणी सगळं आत गेलं. बापाच्या बंदुकीवरही नारळ फोडत, पण ती म्हणजे एक सरळ नळी, उलटी केली की मोकळी. या पितळीच्या पोटात स्प्रिंगा होत्या, फटी होत्या. कुंकू आणि नारळाचं पाणी मिळून आत चिकट राड झाली. चांगुणा काडीने टोकरत बसली. जेवढं निघालं तेवढं निघालं.

दिवाळीनंतर बंदुकीचा मुहूर्त झाला. डोंगराच्या पायथ्याला दगडाच्या जुन्या खाणी आहेत, तिथे बाळाराम गावातली दहा-बारा माणसं टेम्पोत घालून घेऊन गेला. मटण आमच्या गळ्यात. आम्ही दोघी तीन दगडांवर टोप चढवून बसलो आणि पुरुष बंदुकीभोवती. लांब एका कातळावर मडकं ठेवलं. बाळारामने पांढऱ्या शर्टाची बाही दुमडली, पिक्चरमधल्यासारखा पाय फाकून उभा राहिला आणि गोळी मारली. खाणीत आवाज असा घुमला की वरची घुबडं उडाली. मडकं जागच्या जागी. कडं ओढलं, दुसरी मारली. मडकं तसंच. सगळे सल्ले द्यायला लागले. डावा डोळा मीट, श्वास धर, जरा खाली धर. कधी गोळी जमिनीत, कधी आकाशात. मग एक कातळावर बसली आणि दगडाची कपची उडून त्याच्याच चुलतभावाच्या कपाळाला लागली. भळाभळा रक्त आलं. चांगुणाने मटणासाठी आणलेली हळद दाबली. बाळाराम जवळ आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "शिकारीत असं होतंच."

"मडक्याची शिकार?" मी म्हटलं.

त्याने ऐकलं नाही. त्याला ऐकायचं नसेल ते ऐकू येत नसे. शेवटी कडं ओढूनही गोळी वर येईना, तेव्हा संपली म्हणून त्याने बंदूक शालूत घातली. जेवणं झाल्यावर निघताना त्याने स्वतः जाऊन मडकं लाथेने फोडलं. गावात सांगितलं, फुटलं.

त्याची मुलगी सुरेखा तेव्हा लग्नाची होती. बारावी झालेली, वाशीत झेरॉक्सच्या दुकानात कामाला, सडेतोड पोरगी. पहिलं स्थळ खांदेश्वरचं आलं. फ्लॅटमधली माणसं, मुलगा बँकेत. मुलाचे वडील सोफ्यावर बसून पोहे खात होते. बाळाराम आतून बंदूक घेऊन आला. कौतुकाने दाखवली, कडं ओढलं आणि गंमत म्हणून त्यांच्या छातीवर धरली. "माज्या पोरीला त्रास दिला तर," म्हणाला आणि हसला. ते गृहस्थही हसले. पोह्यांची बशी खाली ठेवली, पाणी प्यायले, कळवतो म्हणाले आणि गेले. काय कळवायचं होतं ते आम्हाला कळलं. बाळाराम म्हणाला, शहरातली माणसं भित्री असतात.

दुसरं स्थळ सुरेखाने स्वतः आणलं. मुलगा मोरा बंदरातला, लाँचवर कामाला. धक्क्याजवळच घर. पोरगी मला पडवीत येऊन म्हणाली, "मावशी, हे मोडलं ना, तर मी दुसरं करणार नाही. बाबांना सांगून उपयोग नाही, म्हणून तुला सांगते." मला सांगूनही काय उपयोग होता? पण चांगुणाला मी ते सांगितलं, आणि त्या दिवसापासून चांगुणाला दुसरं काही सुचेना. हे लग्न पार पडायला हवं. बस.

मोऱ्याची माणसं बोलणी करायला आली. मुलाची आई हिराबाय, काळी, काटक, बाजारात मासळी विकून हात रुंद झालेले. तिचा नवरा काळा चष्मा लावून शेजारी बसला होता. तिने त्याला खुर्चीपर्यंत धरून आणलं होतं. चहा झाला, नाती निघाली, मग हिराबाय म्हणाली, तिला मानपान नको, भांडीकुंडी नको, वरात कशीही काढा. एकच मागणं आहे.

"हलदीला बंदूक नको. माज्या दिराच्या हलदीत बार फुटला तो यांच्या तोंडावर. त्या दिसापासून मी यांना हाताला धरून फिरवते. मना बंदुकीचा आवाज नको माज्या सुनेच्या दारात. येवढा सबूद द्या."

बाळारामने ताटातला नारळ उचलून कपाळाला लावला आणि त्या गोड आवाजात म्हणाला, "दिला." हिराबायने तोंडाकडे बघितलं त्याच्या, बराच वेळ. मग चांगुणाकडे बघितलं. चांगुणाने मान हलवली. माझ्या बहिणीने आयुष्यात कोणाला शब्द दिला असेल तर तो एवढाच, आणि तोही नवऱ्याच्या वतीने.

वैशाखात लग्न ठरलं. आदल्या दिवशी हळद. घर पाहुण्यांनी भरलं, म्हणून बाळाराम दुपारी माझ्या पडवीत येऊन बसला. हातात पक्कड, पुढ्यात उरलेली काडतुसं आणि एक मेणबत्ती. पकडीने तो काडतुसाच्या तोंडातलं शिसं उपटी आणि भोकात वितळलेलं मेण भरी. मी विचारलं, हे काय.

"बार," तो म्हणाला.

"सबूद दिलास ना?"

"गोलीचा दिला, बाय. आवाजाचा कुठं दिला? माजा बापूस कधी छर्रे टाकायचा हलदीला?"

मी म्हटलं, ती बाई बंदूक नको म्हणाली आहे, गोळी नको असं म्हणालेली नाही. तो म्हणाला, तशी म्हणाली खरी, पण तिला म्हणायचं होतं गोळी. दुसऱ्याला काय म्हणायचं आहे हे बाळारामला नेहमीच त्या माणसापेक्षा चांगलं कळे. वर म्हणाला की गावात कोणाची पोरगी बारावाचून हळदीला बसली आहे? लोक म्हणतील, बाळाराम मोऱ्यावाल्यांना घाबरला. म्हातारा असता तर त्याने काढला असता की नाही बार? मुलीच्या सासरचा शब्द एकीकडे आणि गावातली माणसं काय म्हणतील ते एकीकडे. त्याने ते तोलून पाहिलं नव्हतं. त्याच्या तराजूला एकच पारडं होतं.

चांगुणा चहा घेऊन आली. ती काडतुसं बघून जागच्या जागी उभी राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "आवो, खानीवरची येक गोली आत अडकलीय. दसऱ्याच्या पान्यानं चिकटलीय ती. पुसताना मना लागते."

"कडं वढलं तवा संपली होती," बाळाराम म्हणाला.

"वर आली नाय. हाय आत."

"चांगू, पाव्हन्यांना च्या दे."

त्याचं म्हणणं मला आता कळतं. ठासणीच्या बंदुकीत आज घातलं तेच आज बाहेर येतं. कालचं काही उरत नाही. त्या घरात तीन पिढ्या बंदूक म्हणजे तेवढंच. आज त्याने मेण भरलं, म्हणजे आज मेणच निघणार. या पितळीच्या पोटात मागचं शिल्लक राहतं हे दुकानदाराने सांगितलं होतं. त्याच गुणासाठी तर त्याने ती घेतली. पण घेतली ती डोळ्यांनी, हात बापाचेच राहिले.

तो काडतुसं खिशात घालून गेला. मी चांगुणाला म्हटलं, चल, चौकीत जाऊ. ती म्हणाली, हळदीच्या दिवशी दारात पोलीस दिसला तर मोऱ्याची माणसं उंबऱ्यावरून परत जातील. मी म्हटलं, मग हिराबायला आधीच सांगू. ती म्हणाली, मग तर येणारच नाहीत. तिचं बरोबर होतं. कोणतीही वाट धरली तरी लग्न मोडत होतं; एकच वाट होती की बाळारामला सुबुद्धी व्हावी, आणि त्या वाटेवर मी कधी कोणाला जाताना पाहिलं नाही. चांगुणा उठली आणि म्हणाली, "मी त्यांच्या बाजूलाच उभी राहते." पदर खोचून ती पाहुण्यांत गेली.

संध्याकाळी मोऱ्याहून टेम्पो आला. नवऱ्याची उष्टी हळद घेऊन बायका आल्या. सासू सहसा या हळदीबरोबर येत नाही. हिराबाय आली. नवऱ्याला घरी ठेवून आली होती. हळदीचं ताट तिने स्वतः धरलं होतं. मला कळलं ती का आली ते. दिलेला शब्द बघायला आली होती.

सुरेखा पाटावर बसली. धवलारणीने हळदीचं गाणं धरलं. बायकांनी पायापासून हळद लावायला सुरुवात केली. मांडवाच्या तोंडाशी बँजोवाले वाजवत होते आणि पोरं नाचत होती. बाळाराम पांढऱ्या कपड्यांत आतून आला, शालूची खोळ काढून खांद्यावर टाकली आणि अंगणाच्या मधोमध जाऊन नळी वर केली. चांगुणा त्याच्या डाव्या हाताला उभी.

पहिला बार निघाला. आवाज मोठा, पण खाणीतल्यासारखा नाही. वितळलेलं मेण फर्रकन उडालं. गावची पोरं शिट्ट्या मारायला लागली. हिराबायने ताट जमिनीवर ठेवलं. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिली.

बाळारामने कडं ओढलं. ओढलं ते अर्ध्यात अडकलं. मेणाची काडतुसं आखूड झालेली, ती आत वेडीवाकडी बसली असणार. त्याने हिसका दिला. हसला. बंदूक छातीशी घेतली आणि दोन्ही हातांनी कडं खालीवर करायला लागला. कधी एखादं मेणाचं काडतूस टपकन खाली पडे, परत अडके. हे करताना तो स्वतःभोवती फिरत होता आणि नळी त्याच्याबरोबर फिरत होती. आधी बँजोवाल्यांकडे, मग माझ्याकडे, मग पाटाभोवती बसलेल्या बायकांकडे. गाणं थांबलं. बँजो थांबला. बायकांना उठायचंही सुचलं नाही. बाळारामची मान खाली, बंदुकीत. त्याला वाटत होतं सगळे त्याच्या अडचणीकडे बघत आहेत.

चांगुणाने दोन पावलं टाकली, नळीचं तोंड हाताने धरलं आणि वर ढकललं. त्याच वेळी कडं बसलं, कड्यातल्या बोटाने चाप दाबला गेला आणि बार निघाला.

हा खाणीतला आवाज होता. मांडवाच्या कापडाला भोक पडलं. गोळी वर गच्चीवरच्या काळ्या टाकीत गेली आणि टाकीतून पाण्याची धार लागली. पाणी पडत होतं, कापडावर, तिथून रांगोळीवर, तिथून बाळारामच्या पांढऱ्या शर्टावर. चांगुणा हात पोटाशी धरून खाली बसली. तळवा भाजून सोलला होता. मी तिच्याकडे धावले. सुरेखाही उठली होती, हळदीने पिवळी, डोळे टाकीच्या भोकाकडे.

हिराबाय उठली. मला वाटलं, आता ताट उचलेल आणि टेम्पोत बसेल. तिने ताट उचललं खरं. मग सुरेखाचा हात धरला.

"पोरीला मी नेते," ती म्हणाली. "लगीन उद्या माज्या दारात लागंल. हितं नाय."

बाळाराम तेव्हा बोलला. अजून गोड आवाजात, पण जरा मोठ्याने. "हलदीच्या अंगानं पोरगी येशीभायेर नेत नाय, हिराबाय. रीत हाय."

"हलदीच्या अंगावर बंदूक धरायची रीत कनची?" ती म्हणाली. "माजं येक मानूस दिलंय मी या रीतीला. सून नाय देनार."

गावातल्या जाणत्या बायका पुढे झाल्या, असं करू नये, अपशकुन असतो, नवरी हळदीत उंबऱ्याबाहेर जात नाही. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, आमच्यात तसंच आहे. सगळ्या सुरेखाकडे बघायला लागल्या. पोरगी आईकडे बघत होती. चांगुणा भाजलेल्या हातावर फुंकर घालत होती; तिने मान वर केली आणि एवढंच म्हणाली, "जा."

"आये, माजी चप्पल कुठंय?" सुरेखा म्हणाली.

मी चप्पल शोधून दिली. पोरगी पिवळ्या अंगाने, मुंडावळ्यांशिवाय, बापाच्या मांडवातून चालत टेम्पोत जाऊन बसली. चांगुणालाही मी तिच्या शेजारी बसवलं. हाताला ओला पंचा गुंडाळला होता. लग्न दुसऱ्या दिवशी मोऱ्याला लागलं आणि चांगलं लागलं. कन्यादान मुलीच्या मामाने केलं. बाळाराम आला नाही, त्याला कोणी बोलावलं नाही. त्याच आठवड्यात पोलीस येऊन बंदूक घेऊन गेले आणि लायसनही गेलं. तक्रार कोणी केली ते मी सांगणार नाही. चांगुणा मोऱ्याहून परत आली ती माझ्या घरी. नंतर किती वर्षं तो समोरच्या ओट्यावर बसलेला दिसे, पण मी त्याच्याकडे बघणं सोडलं होतं.

म्हणून मी त्याला शेवटचा नीट पाहिला तो त्या संध्याकाळी. चांगुणाची पिशवी घ्यायला मी परत मांडवात आले होते. माणसं पांगली होती. बाळारामने भिजलेल्या अंगणात आपली खुर्ची ओढून घेतली होती आणि बंदूक मांडीवर आडवी ठेवून तो बसला होता. वरून पाणी अजून थेंब थेंब गळत होतं. मुलगी गेली, बायको गेली, हे त्याच्या चेहऱ्यावर कुठे दिसतं का म्हणून मी पाहिलं. करंगळी कानात घालून तो हलवत होता. त्या बाराने त्याचे कान बसले होते.

मला बघून त्याने हाक मारली. मी थांबले.

"बाय," तो म्हणाला, "मना नीट आयकू आला नाय. शेवटचा बार कसा झाला? मोऱ्यापरत गेला असंल ना आवाज?"

मी पिशवी उचलली आणि टेम्पोकडे गेले. टेम्पो सुरू झाला तेव्हा तो बँजोवाल्याला हाक मारत होता, आणि बँजोवाला थांबला होता.